उन्हाची गळती

छप्पर ही माणसाने आकाशाविरुद्ध केलेली तरतूद आहे, असे वास्तुशास्त्राची पुस्तके सांगतात. महाराष्ट्रात मात्र ती आकाशाच्या एकाच कृत्याविरुद्ध, म्हणजे पावसाविरुद्ध, केलेली तरतूद असल्याचे दिसते. मृगापासून हस्तापर्यंतचे सुमारे चार महिने सोडले, तर उरलेले आठ महिने छपरावर ऊनच पडत असते, आणि त्यांतील मार्च ते मे या काळात ते असे पडते की गच्चीवर अनवाणी गेलेल्या माणसाला वाळत घातलेले कपडे आणायला आपण आलो होतो याचाही विसर पडतो. तरीही घर बांधणारा, विकणारा, विकत घेणारा आणि दुरुस्त करणारा हे चौघेही छपराविषयी एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘गळतं का?’ ‘तापतं का?’ असे कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते, आणि ज्या गोष्टीला इलाज नाही असे एकदा ठरले तिच्यावर खर्च करण्याची या प्रदेशात पद्धत नाही.

या पक्षपाताचे कारण पुराव्यात आहे. पाणी छतातून आले की डाग पडतो, रंगाचे पोपडे निघतात, बुरशी धरते, आणि डागाचा घेर दर पावसाळ्यात वाढत असल्यामुळे घरमालकास निराळा साक्षीदार शोधावा लागत नाही. त्याच छतातून ऊन आले तर मात्र कोठेही डाग पडत नाही. त्याची नोंद होते ती विजेच्या देयकात, आणि तेथेही आरोपी म्हणून प्रथम जुना फ्रीज, मग गीझर आणि शेवटी रात्री उशिरापर्यंत जागणारा मुलगा यांचीच नावे घेतली जातात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीही हाच न्याय मान्य केलेला आहे. पावसाच्या पाण्याने होणारी गळती थांबवणे हे संस्थेच्या खर्चाने करावयाच्या कामांत मोडते, उन्हाच्या गळतीला असे कलम नाही. परिणामी गच्ची सर्वांची, गच्चीवरचे पाणी संस्थेचे आणि गच्चीवरचे ऊन एकट्या वरच्या मजल्याचे, अशी मालमत्तेची त्रिविध वाटणी रूढ झाली आहे.

या वाटणीत वरच्या मजल्याच्या पदरी नेमके किती पडते, याचा हिशेब फार अवघड नाही. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या थेट माथ्यावर येतो. पुणे आणि मुंबई येथे महिन्याच्या मध्यास, तर नागपुरास शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते, आणि या दिवसाला शून्य सावली दिवस असे म्हणतात. सूर्य डोक्यावर असल्याने त्या वेळी भिंतींना फारसे ऊन लागत नाही, सगळा भार छपरावर येतो. निरभ्र दुपारी सपाट छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतकी सौरऊर्जा पडते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या, अर्थात साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपासच्या गच्चीवर ५० किलोवॉट. मळकट करड्या सिमेंटची गच्ची त्यातील साधारण दोन तृतीयांश शोषून घेते. शोषलेल्या उष्णतेचा मोठा भाग वारा आणि आकाश यांना परत जातो हे खरे, परंतु उरलेला भाग खाली निघतो, आणि खाली माणसे राहतात.

हा प्रवास सावकाश होतो, हे काँक्रीटचे सर्वांत कमी ओळखले गेलेले वैशिष्ट्य आहे. सहा इंची स्लॅबच्या वरच्या पृष्ठावरची उष्णता खालच्या पृष्ठावर पोचायला चार-पाच तास लागतात. या विलंबामागे पदार्थाची उष्णता साठवून ठेवण्याची क्षमता असते. स्लॅब ही अशी एक पतसंस्था आहे की जी दिवसभर ठेवी स्वीकारते आणि रात्री त्या पूर्णपणे परत करते, आणि या ठेवींबाबत ठेवीदारास नको असते ते नेमके हेच. म्हणूनच दुपारी दोन वाजता घर पाहायला आलेल्या गिऱ्हाइकास वरच्या मजल्याची खोली बऱ्यापैकी वाटते आणि रात्री नऊ वाजता तेथे जेवायला बसलेल्या मालकास ती असह्य होते. त्या वेळी पंखा पाचावर ठेवण्याने फारसा फरक पडत नाही, कारण तापलेले छत अदृश्य किरणांच्या रूपाने थेट माणसाच्या टाळूवर उष्णता सोडत असते आणि ते किरण पंख्याच्या पात्यांना जुमानत नाहीत; पंखा केवळ छताजवळची गरम हवा खाली आणून तिचे समान वाटप करतो.

जुन्या छपरांना हा प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे ठाऊक होता. कोकणातील कौलारू घराचे कौल गुण देते ते मुख्यतः फटींमुळे; नळीची कौले असोत की १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून पसरलेली मंगलोरी कौले असोत, त्यांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते आणि खालचा पोटमाळा उरलेले ऊन, जुनी भांडी व मांजराची पिल्ले यांना सारख्याच औदार्याने सामावून घेतो. मराठवाडा आणि सोलापूरकडील माळवदाने, तसेच खानदेशातील धाब्याने उलट मार्ग पत्करला. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ही रचना उष्णतेला इतका उशीर करी की ती खोलीत पोचेपर्यंत खोलीतील मंडळी झोपायला माळवदावर गेलेली असत. उष्णतेवर मात न करता तिला चुकवण्याची ही युक्ती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होती. वजनाच्या दृष्टीने ती निर्दोष नव्हती, हे १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली तेव्हा दिसले, आणि त्यानंतर जड मातीविषयी बसलेली धास्ती हा विनोदाचा विषय नाही. छपरावर काहीही चढवण्याची शिफारस करणाऱ्याने आधी वजनाचा हिशेब मांडावा, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा. माळवदाच्या जागी अनेक ठिकाणी आलेला पत्रा हलका असतो खरा, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला विलंब हा प्रकारच माहीत नसल्याने त्याच्याखाली सूर्योदय आणि उकाडा यांच्यात चहापुरतेच अंतर राहते.

छपराचे ऊन थोपवण्याच्या सर्व पद्धती शेवटी चार तत्त्वांत बसतात: ऊन परतवणे, ऊन छपरापर्यंत येऊच न देणे, आलेल्या उष्णतेची वाट अडवणे आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने ती उडवून लावणे. या चारही तत्त्वांच्या आधी ठेकेदाराचे पाचवे तत्त्व येते, आणि ते म्हणजे कोबा. विटांचे तुकडे चुन्यात किंवा सिमेंटच्या मसाल्यात बसवून, पाणी वाहून जाण्यासाठी उतार देऊन केलेला चार-साडेचार इंचांचा हा थर मुळात पावसासाठी असतो. मात्र गिऱ्हाइकाने उन्हाचा विषय काढलाच, तर ‘एकदा कोबा मारला की ऊन पण थांबतं’ असे ठेकेदार त्याच दरात सांगतो. हे विधान पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते घातक आहे. छतातून किती उष्णता झिरपते याच्या मापास यू-मूल्य म्हणतात. छताच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जितके वॉट आत येतात ते त्याचे यू-मूल्य, आणि ते जितके कमी तितके छत चांगले. उघड्या स्लॅबचे यू-मूल्य ढोबळमानाने तीनच्या वर असते, कोबा केल्यावर ते दोनच्या वर राहते, आणि केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या ‘इको निवास संहिते’त निवासी छपरासाठी घातलेली कमाल मर्यादा १.२ आहे. शिवाय कोब्याला तडा जाऊन आत पाणी मुरले की विटांच्या छिद्रांतील हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. गळू लागलेल्या कोब्यावर जुना न काढता नवा कोबा घालण्याची प्रथा सार्वत्रिक असून दर थरामागे दर चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक वजन वाढते. काही जुन्या इमारतींच्या गच्च्यांचे उत्खनन केल्यास संस्थेच्या सर्व माजी अध्यक्षांचे कालखंड थराथराने ओळखता येतील.

ऊन परतवण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, आणि कदाचित त्यामुळेच त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. ताजा पांढरा पृष्ठभाग पडलेल्या उन्हापैकी ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवतो. त्यासाठी खास लेप मिळतात, पण कालवलेल्या चुन्यात फेव्हिकॉल मिसळून गच्चीला दोन हात दिले तरी पहिला उन्हाळा उत्तम निभावतो. चिनी मातीच्या फरशांचे पांढरे तुकडे बसवलेली चायना मोझॅकची गच्ची हेच काम अधिक टिकाऊपणे करते. अहमदाबादेने २०१७ पासून वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम चालवला, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रीय गृहस्थापुढची अडचण मात्र तांत्रिक नसून संस्कारांची आहे. पांढरे मळते. लहान मुलांच्या गणवेशापासून सोफ्याच्या अभ्र्यापर्यंत सर्व खरेदी ‘मळखाऊ’ रंगात करण्याची शिकवण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, तेथे गच्चीसाठी रंग निवडताना विटकरी किंवा गडद हिरवाच निवडला जातो, आणि मळखाऊ रंग ऊनखाऊही असतो हे मे महिन्यापर्यंत लक्षात येत नाही. काही जण तर गळती थांबवण्यासाठी काळी डांबरी चादर अंथरून ती तशीच उघडी ठेवतात, आणि अशा रीतीने छपराचा पावसाशी असलेला तंटा मिटवून उन्हाशी असलेले वैर कायम करतात. पांढऱ्या छपरावरील आक्षेपात तथ्यही आहे. धूळ आणि काजळी बसून त्याचे तेज वर्षभरात उतरते, ते दर उन्हाळ्याच्या तोंडाशी धुवावे लागते, आणि ‘गच्ची धुवायचं काम कोणाचं?’ या प्रश्नावर अनेक संस्थांची परावर्तनक्षमता संपते.

उष्णतेची वाट अडवणारे पदार्थ, ज्यांना उष्णतारोधक म्हणतात, त्यांच्याविषयीचे गैरसमज याहून खोल आहेत, कारण जाड आणि जड तेच मजबूत, व मजबूत तेच थंड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या पदार्थांत काम करते ती आत कोंडलेली, हालचाल न करणारी हवा किंवा वायू. भोवतीचा पदार्थ केवळ तिला जागेवर बसवून ठेवतो. म्हणूनच केवळ एक इंच जाडीचे थर्माकोल उष्णतेला जितका अडथळा करते, तितका करण्यासाठी मीटरभराहून अधिक जाडीचे काँक्रीट लागेल, आणि असे छत घराला नव्हे तर किल्ल्याच्या बुरुजाला शोभेल. परंतु थर्माकोलला समाजात प्रतिष्ठा नाही. ते खोक्यात दूरदर्शन संचाच्या कडेने येते आणि खोक्याबरोबर माळ्यावर जाते. गणपतीच्या मखरात त्याला जे मानाचे स्थान होते, तेही राज्याच्या २०१८ च्या बंदीने गेले. अशा पदार्थावर घराचे छप्पर सोपवण्यास गृहस्थाचे मन धजत नाही. या भीतीची कारणे चुकीची असली तरी काही खरी कारणेही आहेत: थर्माकोल जळते, उंदीर ते कुरतडतात, पायाखाली दबते आणि दीर्घकाळात पाणी धरते. स्लॅबवर घालण्यासाठी म्हणून एक्सपीएस नावाच्या दाबून घडवलेल्या, बंद पेशींच्या पाट्या वापरतात. त्या पाणी जवळजवळ शोषत नाहीत आणि वरचा सिमेंटचा थर व त्यावरून चालणारी माणसे सहन करतात. पत्र्याच्या शेडसाठी दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेली पफ पॅनेल असतात, तर काचतंतू किंवा खडकतंतूंची लोकर आगीला दाद देत नाही. मात्र ती भिजली की निकामी होते, आणि कोकणात एखादी वस्तू कोरडी ठेवणे हे आयुष्यभराचे व्रत असते.

पदार्थ निवडल्यावर तो स्लॅबच्या वर घालावा की खाली, हा प्रश्न उरतो. वर घातल्यास स्लॅबच तापत नाही, त्यामुळे दिवसा प्रसरण व रात्री आकुंचन होऊन पडणारे तडेही कमी होतात, म्हणजे ऊन अडवता अडवता पावसाचेही काम होते. खाली, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या पोटात घातल्यास स्लॅब तापतच राहतो, पण त्याची झळ खोलीला कमी लागते. तरीही लोक खालचाच मार्ग निवडतात, कारण खालच्या मार्गाला सभेचा ठराव लागत नाही, आणि खालच्या सीलिंगला पाहुण्यांना दाखवता येणारे दिवे बसतात. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पन्नीची कथा याहून करुण आहे. ही पन्नी उष्णतेचे किरण परतवते व स्वतः फार कमी किरण सोडते, परंतु त्यासाठी तिच्या चकाकत्या बाजूस हवेची मोकळी पोकळी असावी लागते; पन्नी मसाल्यात दाबली की तिच्यातून उष्णता सरळ वहनाने जाते, कारण ॲल्युमिनियम हा उत्तम उष्णतावाहक धातू आहे. असे असूनही ‘हवेची पोकळी राहिली तर उंदीर होतील’ या कारणास्तव ती सर्रास पुरली जाते, आणि पैसे मोजून घेतलेली चकाकी सिमेंटखाली कायमची अदृश्य होते.

सावली हा तिसरा मार्ग मराठी माणसाला सर्वांत जवळचा, कारण मांडव घालणे त्याच्या रक्तात आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमुळे स्लॅबवर थेट ऊन पडत नाही आणि मधून वारा वाहिल्यास चांगला फरक पडतो. शेडनेटची हिरवी जाळी तात्पुरते तेच करते, आणि सौर पॅनेल तर सावली देताना वीजही देतात. पत्र्याच्या शेडचा दोष असा की ती गळतीवरचा उपाय म्हणून मंजूर होते, उन्हावरचा उपाय म्हणून उपयोगी पडते आणि शेवटी मोडक्या सायकली, जुन्या गाद्या व निवडणुकीचे फलक यांचे कोठार म्हणून टिकते. सावलीच्या विरोधात एक प्रबळ गटही असतो, आणि तो म्हणजे उन्हाळी कामे करणाऱ्या गृहिणींचा. कुरडया, सांडगे, पापड आणि बटाट्याचा कीस यांना कडक ऊन व तापलेली जमीन हवी असते. एका घराच्या डोक्यावरची आपत्ती ही दुसऱ्या घराची वर्षभराची बेगमी असल्याने, गच्ची झाकण्याचा ठराव एप्रिलमध्ये संमत होणे कठीण जाते. चौथा मार्ग पाण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणून विदर्भात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची रीत शास्त्राला धरूनच आहे. फक्त ज्या आठवड्यात तिची सर्वांत गरज असते त्याच आठवड्यात टँकर येत नाही.

हे सर्व ज्ञान महाराष्ट्रात उपलब्ध नाही असे मुळीच नाही. ते कोंबड्यांसाठी राखून ठेवलेले आहे. कुक्कुटपालन करणारा शेतकरी उन्हाळा लागताच शेडच्या पत्र्याला चुना लावतो, वर उसाचे पाचट पसरतो, त्यावर तुषार सोडतो, बाजूंना गोणपाट बांधून ओले ठेवतो आणि आत फॉगर बसवतो, म्हणजे परावर्तन, सावली, रोध व बाष्पीभवन ही चारही तत्त्वे एकाच छपरावर एकाच आठवड्यात अमलात आणतो. त्याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरावरचा पत्रा मात्र उघडा असतो. यात विसंगती नाही, केवळ हिशेब आहे: उकाड्याने कोंबडी मेली की नुकसान वहीत लिहिता येते, अंडी कमी झाली की मोजता येतात, तर घरातील माणसांच्या उत्पादनात उकाड्याने पडणारी तूट मोजण्याची सोय नाही, आणि त्यांचा वाढलेला चिडचिडेपणा स्वभावाच्या खाती जमा होतो.

तेव्हा क्रम कोणता असावा, याविषयी जाणकारांत फारसा वाद नाही. आधी गळती बुजवावी, मग पृष्ठभाग पांढरा करावा, शक्य तेथे वारा खेळेल अशी सावली द्यावी, आणि नव्याने कोबा घालण्याची वेळ आलीच तर त्याखाली इंच-दीड इंच रोधकाची पाटी अंथरून घ्यावी, कारण मजुरी तशीही द्यावयाची असताना पाटीचा खर्च त्यात खपून जातो. इतके सोपे उत्तर अमलात न येण्याचे खरे कारण पदार्थविज्ञानात नसून पंचांगात आहे. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि हा कायदा पाळण्याची पद्धत म्हणून ती सप्टेंबरच्या अखेरीसच घेतली जाते. त्या दिवशी छतावरचे पावसाचे डाग ताजे असतात, हवेत गारवा असतो, आणि उन्हाळ्याची तक्रार मांडणारा वरच्या मजल्याचा सभासद चार महिन्यांपूर्वीच्या दुःखाचे वर्णन करू लागला की खालच्या मजल्याचे सभासद त्याच्याकडे सहानुभूतीने पाहून पुढचा विषय घेण्याची सूचना करतात. ठराव गळतीचा होतो, निविदा कोब्याची निघते आणि रंग विटकरी ठरतो. उपविधींत विशेष सर्वसाधारण सभेची तरतूद आहे, आणि तिचा उपयोग केल्यास छपरांच्या उष्णतारोधनास कोणत्याही नव्या संशोधनाहून अधिक चालना मिळेल: सभा मेच्या तिसऱ्या आठवड्यात घ्यावी, वेळ रात्री नऊची ठेवावी, स्थळ वरच्या मजल्यावरील दिवाणखाना असावे, आणि ठराव संमत होईपर्यंत चहा गरमच द्यावा.